सहाव्या इनिंगपासून कोरं पान

ताई, नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा, सध्या शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, बेसबॉलचा वेडा आणि शिकागो कब्सचा कट्टर भक्त. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने माझ्यापुढे नकाशा ठेवला. घरच्या रिग्ली फील्डपासून सुरुवात, मग सिनसिनाटी, मग पिट्सबर्ग आणि शेवटी क्लीव्हलंड. चार मैदानं, एक गाडी, आम्ही दोघंच. मी लगेच हो म्हटलं. लहानपणी सांगलीत आमच्या क्लबच्या मॅचचं स्कोअरबुक मी लिहायचो आणि हा पोरगाही प्रत्येक मॅचला पेन्सिल घेऊन स्कोअरकार्ड भरतो. ते बघून मला फार बरं वाटायचं.

पहिली तीन मैदानं सुरेख झाली. पिट्सबर्गला नदीवरच्या पुलावर उभं राहून त्याने मला सांगितलं, की मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण पिट्सबर्गचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या पाठीवर २१ आकडा असायचा. असं त्याला सगळं पाठ.

क्लीव्हलंडची मॅच रविवारी दुपारी होती. नऊपैकी पाचवी इनिंग संपता संपता पाऊस आला आणि ताडपत्री अंथरली गेली. घरचा संघ मागे होता. पाच इनिंग झाल्या की मॅच अधिकृत धरतात, हे मी वाचलं होतं. म्हटलं, आता निकाल लागल्यातच जमा आहे. पुढे साडेतीनशे मैल गाडी चालवायची, सोमवारी सकाळी ऑफिस. तो म्हणाला, "बाबा, थांबू या ना." पाऊस सुरू झाल्यापासून तो हसत होता, मला कळेना का. मी म्हटलं, "पाऊसच तर आहे, त्यात काय बघायचंय? ऊठ."

टोलीडोच्या आसपास त्याने फोन बघितला. मॅच पुन्हा सुरू झाली होती. पुढे ती घरच्या संघाने शेवटच्या इनिंगमध्ये जिंकली. तो रडला नाही, भांडलाही नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, इंटरनेटवर एकेका चेंडूची नोंद आहे, आपण मिळून राहिलेलं कार्ड भरू. तो म्हणाला, "मी तिथे नव्हतो," आणि खोलीत गेला. याला तीन आठवडे झाले. बाकी सगळं बोलतो, पण माझ्याशी बेसबॉलचा विषय काढत नाही. रिग्लीची चांगली महाग तिकिटं काढली, तर म्हणाला, "तुम्ही आईला घेऊन जा." बायको म्हणते, वय आहे, सोडून द्या. ताई, माझं खरंच एवढं चुकलं का? आता काय करू?

— एक बाबा, नेपरव्हिल

——

दादा,

आधी एक गोष्ट तुमच्या बाजूची. दमलेल्या माणसाने पावसात, रात्री, साडेतीनशे मैल गाडी हाकू नये. तुम्ही थांबला असता आणि मॅच साडेसातला संपली असती, तर घर गाठायला शिकागोच्या घड्याळातही मध्यरात्र उलटली असती. शेजारी झोपलेलं पोर आणि डोळ्यांवर झोप आलेले तुम्ही. ते टाळलंत म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही, आणि तुमचा मुलगाही मोठा झाल्यावर देणार नाही.

तरीही चुकलं. तुमच्या पत्रात ते दोन ओळींत आहे. "पाऊसच तर आहे, त्यात काय बघायचंय? ऊठ." निघायचं की थांबायचं हा प्रश्न तिथे आलाच नाही. पोराने विचारलं, आणि त्याला काय दिसत होतं हे न विचारता तुम्ही उठलात.

त्याला काय दिसत होतं, ते सांगते. त्यासाठी आधी पावसाबद्दल बोलायला हवं, कारण आपण क्रिकेटमध्ये वाढलेली माणसं पावसाकडे वेगळ्या नजरेने बघतो. आपल्याकडे पाऊस आला की मॅचचा काही तरी तुकडा कायमचा जातो. षटकं कापली जातात, डकवर्थ-लुईसचा तक्ता येतो, लक्ष्य बदलतं. नाही तर २०१९च्या विश्वचषकासारखं होतं. मँचेस्टरला उपांत्य सामन्यात न्यूझीलंडची ४६.१ षटकं झाली, पाऊस आला, उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी गेला आणि आपण १८ धावांनी हरलो. ती रात्र आपल्यापैकी कोणीही नीट झोपलं नाही. पाऊस म्हणजे वजाबाकी, हे आपल्या हाडात मुरलंय.

बेसबॉलमध्ये षटकं कापत नाहीत. उरलेल्या चार इनिंग म्हणजे उरलेल्या पूर्ण चार इनिंग, मग त्या तासाभराने होवोत की तीन तासांनी. तुम्ही वाचलेला नियम खरा आहे, पण तो अर्धा आहे. पाच इनिंग झाल्या की मॅच अधिकृत होते, म्हणजे तिथेच थांबवावी लागली तर निकाल ग्राह्य धरतात. थांबवलीच जाते असं नाही. खेळ एकदा सुरू झाला की तो बंद करायचा अधिकार अंपायरकडे असतो, आणि थांबवल्यापासून निदान तीस मिनिटं वाट बघितल्याशिवाय त्यांना मॅच संपली असं जाहीर करता येत नाही. प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त थांबतात. पाहुणा संघ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात असतो, परत कधी येईल त्याचा भरवसा नसतो, म्हणून आजची मॅच आजच संपवायची धडपड असते. तुमच्याच शिकागोत १२ ऑगस्ट १९९० रोजी शहरातल्या दुसऱ्या संघाच्या, व्हाइट सॉक्सच्या, मैदानावर सात तास तेवीस मिनिटं वाट बघितली होती. शेवटी एकही चेंडू न टाकता लोकांना घरी पाठवलं, ही गोष्ट वेगळी. पण सात तास थांबले. या खेळात थांबण्याची तयारी इतकी आहे.

आणि थांबून खेळ सुरू झाला की तो आधीचा खेळ राहत नाही. पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, हात म्हणजे तापवलेलं यंत्र. तास-दीड तास बसला की तो गार पडतो, आणि गार हाताने पुन्हा ताशी नव्वद मैलांच्या वर चेंडू फेकायला लावलं तर खांदा-कोपर जायचा धोका. म्हणून लांबलेल्या पावसानंतर सुरुवातीचा पिचर बहुधा परत येत नाही. पाच इनिंग ज्याने समोरच्यांना बांधून ठेवलं, तो माणूसच जातो. मागे पडलेल्या संघाला नवा पिचर मिळतो, ओलं गवत मिळतं, हातातून निसटणारा चेंडू मिळतो. पाऊस आला तेव्हा तुमच्या हिशेबात मॅच संपली होती. तुमच्या मुलाच्या हिशेबात ती तेव्हा कुठे उघडली होती.

आता त्याचं हसणं. तुम्ही लिहिलंत, "मला कळेना का." मला वाटतं मला कळतंय, आणि ते वाचताना माझ्या पोटात कालवलं.

तुमचा मुलगा कब्सचा भक्त. चार मैदानांच्या यादीत त्याने क्लीव्हलंड शेवटी का ठेवलं असेल? घरी येताना रस्त्यात पडतं हे खरं. पण २१ फुटांच्या भिंतीमागची गोष्ट पाठ असणाऱ्या मुलाला हे माहीत नसेल असं होणारच नाही, की कब्सनी १९०८ नंतरचं पहिलं अजिंक्यपद, १०८ वर्षांनी, याच मैदानावर जिंकलं. २ नोव्हेंबर २०१६. वर्ल्ड सिरीजची सातवी आणि शेवटची मॅच. मालिकेत कब्स एकदा तीन-एक मागे पडून बरोबरीत आलेले. त्या रात्री ते ६-३ पुढे होते, आणि आठव्या इनिंगमध्ये आधी ६-४ झालं, मग क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने दोन धावांचा होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडून, ६-६ केलं. शंभर वर्षं हरत आलेल्या संघाच्या भक्तांनी डोक्याला हात लावला. नववी इनिंग संपली, बरोबरी तशीच, आणि पाऊस आला.

सतरा मिनिटं. तेवढाच पाऊस. ताडपत्री अंथरली. कब्सचे खेळाडू खाली मान घालून आत निघाले होते. त्यांच्यातल्या जेसन हेवर्डने सगळ्यांना व्यायामाच्या छोट्या खोलीत गोळा केलं आणि तो बोलला. त्याची स्वतःची बॅट त्या मोसमात चालत नव्हती, तरी तोच उठला. पाऊस थांबला, दहाव्या इनिंगमध्ये बेन झोब्रिस्टचा फटका डाव्या रेषेच्या कडेने गेला, आणि कब्स ८-७ जिंकले. शिकागोत आजही लोक म्हणतात की ती मॅच पावसाने जिंकून दिली.

तेव्हा तुमचा मुलगा अगदी लहान होता. ती रात्र त्याने पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. आणि आता तो त्याच मैदानात बसलाय, चार शहरांच्या प्रवासाच्या शेवटच्या दिवशी, शेजारी बाबा, आणि आभाळ भरून येऊन ताडपत्री बाहेर येते. दादा, त्याच्यासाठी तो पाऊस विघ्न नव्हता. तो पाऊस बघायलाच तो आला होता, फक्त इतकं मागायची त्याची हिंमत झाली नसती. ते आपणहून आलं, आणि तुम्ही म्हणालात, त्यात काय बघायचंय.

तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण "का हसतोयस रे?" एवढं विचारलं असतंत तर त्याने पाच मिनिटांत सगळं सांगितलं असतं, पिट्सबर्गच्या पुलावर सांगितलं तसंच. मग निघालाही असतात, तरी ती गोष्ट दोघांची झाली असती.

आता दुसरी जखम, आणि माझ्या मते ही जास्त खोल आहे. स्कोअरकार्ड.

तुम्ही सांगलीत स्कोअरबुक लिहायचात. मग मला सांगा, बाराव्या षटकाला कोणी येऊन म्हटलं असतं, "चल, ऊठ, पुढचं काय ते उद्या पेपरात येईल," तर तुम्ही उठला असतात? स्कोअरर अंपायरने बेल्स उचलेपर्यंत उठत नाही. प्यायला पाणी कोणी आणून दिलं तरच. मान मोडून आली तरी नजर काढत नाही, कारण एक चेंडू चुकला की बेरीज जुळत नाही. त्या टेबलावर बसलेल्या मुलाला जी जबाबदारी वाटते ती धावा करणाऱ्याला वाटत नाही. तुम्ही ही शिस्त स्वतः पाळलेली आहे, म्हणून तर त्याच्या हातातली पेन्सिल बघून तुम्हाला बरं वाटत होतं.

बेसबॉलचं हे कार्ड आपल्याला परकंही नाही. ज्या हेन्री चॅडविकने बेसबॉलची ही नोंदपद्धत घडवली तो इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेत येऊन क्रिकेटच्या बातम्या देणारा वार्ताहर होता. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद झाल्यावर, 'के' लिहायची खूण त्याचीच. तुमच्या क्लबच्या वहीतले ठिपके आणि तुमच्या मुलाच्या कार्डातले चौकोन एकाच घराण्यातले आहेत. त्या कार्डात प्रत्येक चौकोनात एक छोटा समभुज चौकोन असतो, हिऱ्यासारखा उभा. खेळाडू पुढच्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या पुढच्या थांब्यावर, गेला की त्याची एकेक बाजू गडद करायची, धाव झाली की पूर्ण रंगवायचा. चार मैदानांची चार कार्डं त्याने जपून ठेवली असतील. तीन भरलेली, आणि चौथं पाचव्या रकान्यापर्यंत गडद आणि पुढे पांढरं.

तुम्ही म्हणालात, इंटरनेटवरून भरू. हेतू चांगला होता, पण असं बघा, सांगलीच्या त्या वहीत तुम्ही न पाहिलेल्या षटकांचे ठिपके दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढले असते का? आणि काढले असते तर खाली स्कोअरर म्हणून सही केली असती का? "मी तिथे नव्हतो" हे त्याने तुम्हाला टोचायला म्हटलेलं नाही. तो स्कोअररचं बोलला. न पाहिलेलं लिहायचं नाही, हा त्याचा नियम आहे, आणि तो तुमच्याकडूनच त्याच्या रक्तात आलाय. या उत्तराचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

माझा एक अनुभव सांगते. माझी मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना आम्ही न्यू जर्सीहून फिलाडेल्फियाला मॅचला गेलो होतो. तिसऱ्या इनिंगला पाऊस आला. आम्ही छताखाली जिन्याशेजारी उभ्या. मी दर दहा मिनिटांनी, "निघू या का, निघू या का," करत होते. आमच्या बाजूला सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी गळ्यातल्या टॉवेलने बाक पुसला, पिशवीतून झिपची प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून स्कोअरबुक काढलं, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याच्या मधल्या रेषेवर पेन्सिलीने एक नागमोडी रेघ ओढली आणि समासात वेळ लिहिली. मग वही परत पिशवीत. माझ्या मुलीने विचारलं, ही रेघ कसली? त्या म्हणाल्या, हा पाऊस. त्यांच्या वहीत चाळीसेक वर्षांचे पाऊस होते. त्यांनी मागची पानं उलटून तिला दाखवले, हा अमुक साली, ह्या दिवशी माझा नवरा बरोबर होता, ह्या दिवशी मला नातू झाल्याचा निरोप इथेच आला. अडीच तासांनी मॅच रद्द झाली. माझी मुलगी आता तिशीत आहे. त्या मोसमात आम्ही बघितलेल्या बाकी मॅच तिला आठवत नाहीत. ती नागमोडी रेघ आठवते. आणि मी दर दहा मिनिटांनी काय म्हणत होते, तेही आठवतं.

म्हणून तुम्ही काय करावं, ते असं.

वय आहे, सोडून द्या, हा सल्ला घेऊ नका. वहिनींचा हेतू घरात शांतता राहावी हा आहे, पण तेरा वर्षांचं पोर तीन आठवडे एकच विषय टाळतं तेव्हा तो विषय त्याला रोज आठवत असतो. रिग्लीची तिकिटं मात्र तुम्ही चुकीच्या वेळी काढलीत. त्याला वाटलं असणार, बाबा पैसे देऊन मिटवतायत. ती तिकिटं परत करू नका आणि स्वतःही जाऊ नका. त्याला म्हणा, "तू आईला घेऊन जा, आणि तिला कार्ड भरायला शिकव." तो कदाचित नाही म्हणेल, कदाचित जाईल. गेला तर घरात बेसबॉलचं बोलणारं आणखी एक माणूस तयार होईल, आणि तुमच्यावरची नजर थोडी हलेल.

मग एका संध्याकाळी, गाडीत नको, समोरासमोर जेवणाच्या टेबलावरही नको, तो त्याच्या खोलीत काही करत असताना जा आणि पलंगाच्या कडेला बसा. आपल्या पिढीच्या बापांना माफी मागायची सवय नाही. आपण फळं कापून आणतो, गाडीत पेट्रोल भरून ठेवतो, तिकिटं काढतो, पण "चुकलं माझं" हे दोन शब्द घशातून निघत नाहीत. ते काढा. मराठीत म्हणा, 'सॉरी'वर भागवू नका. "चुकलं माझं. तू का हसत होतास हे मी विचारायला हवं होतं. आता विचारतो." आणि मग गप्प बसा. तो लगेच बोलेल असं नाही. २०१६चं तुम्ही आधी काढू नका. मी तुम्हाला इथे सांगितलंय ते त्याला ऐकवून दाखवायचं नाही. ती गोष्ट त्याची आहे, त्याला सांगू द्या. माझा तर्क चुकला असेल आणि हसण्याचं कारण भलतंच निघालं, तर तेच कारण खरं, माझं विसरून जा.

कार्डाबद्दल एकच गोष्ट तुम्ही सुचवू शकता. न्यूयॉर्क यांकीजचा जुना खेळाडू फिल रिझुटो पुढे बरीच वर्षं समालोचक होता. तोही कार्ड भरायचा, पण त्याचं लक्ष अधूनमधून उडायचं. ज्या चौकोनाच्या वेळी लक्ष नव्हतं तिथे तो 'डब्ल्यू डब्ल्यू' लिहायचा, म्हणजे 'वॉझन्ट वॉचिंग', बघत नव्हतो. बेसबॉलच्या भक्तांमध्ये ही खूण प्रसिद्ध आहे, तुमच्या मुलालाही कदाचित माहीत असेल. प्रामाणिक स्कोअररला न पाहिलेल्याचीही नोंद करता येते. त्याला म्हणा, हवं असेल तर पाचव्या रकान्यानंतर पावसाची रेघ ओढ, आणि पुढच्या चौकोनांचं तू ठरव. कोरे ठेवायचे असतील तर कोरे ठेव. आणि "बाबांनी उठवलं" असं समासात लिहायचं असेल तर तेही लिही, खरंच आहे ते. तो लिहील तेव्हा तुम्ही शेजारी बसा.

तुमची स्वतःची वही अजून सांगलीत कुठे असेल का? माळ्यावर, ट्रंकेत? असेल तर भावाला, आईला फोन करा, एका पानाचा फोटो मागवा. त्याला दाखवा. तुम्ही त्याच्यासारखे होतात हे त्याने तुमच्या तोंडून ऐकलं असेल, तुमच्या अक्षरात पाहिलेलं नसेल.

आता परतीच्या रस्त्याबद्दल, कारण हे पत्र आणखीही आईबाप वाचतील ज्यांना खरोखरच निघावं लागतं. त्या दिवशी तिसरा मार्ग होता, आणि तो तुमच्या गाडीतच होता. रेडिओ. क्लीव्हलंडच्या मॅच टॉम हॅमिल्टन १९९० पासून रेडिओवर सांगतोय, आणि तिथल्या एएम स्टेशनचा आवाज टोलीडोच्याही पुढे येतो. बेसबॉलचं कार्ड रेडिओवर ऐकून भरायची जुनी, मानाची पद्धत आहे. टीव्ही नव्हता तेव्हा लाखो मुलांनी ते स्वयंपाकघरात बसून असंच भरलं. तुम्ही मैदानातून उठतानाच म्हणाला असतात, "मला गाडी चालवायला हवी, पण रेडिओ लावतो, तू लिही आणि मला मोठ्याने सांग," तर उरलेल्या चार इनिंग ओहायोच्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, झाल्या असत्या. शेवटच्या इनिंगला तुम्ही गाडी विश्रांतीच्या थांब्यावर घेतली असती, काचेवर पाऊस, आणि आत तुम्ही दोघं ओरडत. तेही तिथे असणंच आहे. पुढच्या वेळी निघावं लागलं तर हे करा.

पण पुढच्या वेळी निघावंच लागू नये अशी आखणी करा. मैदानांच्या सहलीत शेवटची मॅच शेवटच्या दिवशी ठेवू नये. पावसाला द्यायला एक दिवस हातात राखावा. शेवटच्या शहरात रात्रीची खोली घ्यावी, ती मैदानापासून चालत जाण्याइतकी जवळ मिळाली तर उत्तम. सोमवारची रजा टाकावी. तिकीट घेताना पावसाबाबत काय लिहिलंय ते वाचावं, कारण प्रत्येक क्लबचं वेगळं असतं, आणि पाच इनिंग होऊन मॅच अधिकृत झाली की सहसा तिकीट बदलून मिळत नाही. जागा वरच्या मजल्याच्या छपराखाली येणाऱ्या ओळीत घेतली तर पाऊस बसल्या जागी बघता येतो. विजा चमकायला लागल्या आणि आत जायला सांगितलं की मात्र ताबडतोब आत जायचं, तिथे हौस नको. कोरडे मोजे पिशवीत असावेत. ओले मोजे घालून बसलेलं मूल अर्ध्या तासात चिडतं, आणि मोठी माणसं त्याआधीच.

कोणी तरी तुम्हाला म्हणेल, मिलवॉकीला जा, जवळ आहे, मैदानाला बंद होणारं छप्पर आहे, पावसाची कटकट नाही. मैदान छान आहे, एरवी अवश्य जा. पण या जखमेवर ते औषध नव्हे. ह्या मुलाला क्लीव्हलंडलाच न्या, आणि छत्री घरी ठेवा.

पण केव्हा न्यायचं, ते त्याला ठरवू द्या. या मोसमात नको म्हणाला तर पुढच्या. तुम्ही तिकिटं काढून त्याच्यासमोर ठेवू नका. नकाशा त्याने पुढे ठेवला होता, या वेळीही त्यालाच ठेवू द्या. गेलात की मॅचच्या आधी दोन तास हातात ठेवा आणि मैदानाजवळच्या होप मेमोरियल पुलावर चालत जा. १९३२ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी खांबांवर कोरलेले उंच रक्षक उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात एकेक वाहन. कोणाकडे गवताची गाडी, कोणाकडे घोडागाडी, कोणाकडे मोटार. वाटसरूंचे राखणदार म्हणून ते उभे केले, आणि २०२२च्या मोसमापासून क्लीव्हलंडच्या संघाने 'गार्डियन्स' हे नाव त्यांच्यावरूनच घेतलं. त्याला हे नक्की माहीत असणार. तरी विचारा, कोणाच्या हातात काय आहे ते, आणि तो सांगेल तेवढा वेळ ऐका.

आत गेल्यावर दोन कार्डं घ्या. एक त्याचं, एक तुमचं. सांगलीनंतर तुम्ही पेन्सिल धरली नसेल, सुरुवातीला चुकाल, चौकोन कोणत्या बाजूने रंगवायचा ते विसराल. त्याला विचारा. आणि पेन्सिलच न्या, कारण ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते.

मला पुन्हा पत्र टाका. त्या चौथ्या कार्डात सहाव्या रकान्यापासून पुढे त्याने काय केलं, तेवढं मला कळवा.

— तुमची ताई